लागून उभ्या बोटी

माझ्या हातात किमयाची टोपी होती आणि किमया नव्हती.

कोम ओम्बोचं देऊळ बघून आम्ही संध्याकाळी बोटीवर परत आलो होतो. नाईलच्या काठावर धक्के लहान आणि बोटी फार, म्हणून तिथे बोटी एकीला लागून एक अशा उभ्या करतात. सगळ्यांत बाहेरच्या बोटीवर जायचं तर आधीच्या साऱ्या बोटींच्या पोटातून चालत जावं लागतं. फळी, दार, दिवाणखाना, समोरचं दार, पुन्हा फळी. आमची बोट त्या दिवशी चौथी होती. चारही दिवाणखाने इतके सारखे की आपण पुढे चाललोय की तिथल्या तिथे फिरतोय असा प्रश्न पडावा. तीच गुळगुळीत फरशी, तोच पितळी कठडा, भिंतीवर उंटांचं तेच चित्र, उजव्या हाताला वर जाणारा तोच गोल जिना. आपल्या बोटीवर पाऊल टाकलं की वेटर गरम ओले रुमाल देतो. मी दोन उचलले, एक माझा, एक तिचा, आणि तिचे हात पुसायला वाकलो तर खाली नुसती फरशी. मला आठवतं, आधी भीती वाटलीच नाही. मनात आलं, रुमाल गार होईल. मोठी गोष्ट दारात येऊन उभी राहिली की मन आधी लहान गोष्टीला आत घेतं. दोन्ही रुमाल धरून मी मागच्या दाराकडे बघत राहिलो. बुटाचा बंद सुटला असेल, येईलच आता. आमच्या ग्रुपमधली माणसं येत होती. आशालताबाई आल्या, पुण्यातल्या बँकेतून निवृत्त झालेल्या, बोलायची हौस असलेल्या. "काय हो सर, नात कुठाय? मगरीनं नेली की काय?" त्या देवळात जुन्या मगरींच्या ममी ठेवल्या आहेत, त्यावरून हे. मी हसलो. हसून झाल्यावर दारातून मागची फळी बघून आलो, ती रिकामी होती.

दुसरं कुठलं मूल असतं तर मी इतका घाबरलो नसतो. सहा वर्षांचं मूल हरवलं तर रडतं, कुणाचा तरी हात धरतं, मोडक्यातोडक्या शब्दांत का होईना, नाव सांगतं. किमया परक्या माणसासमोर बोलत नाही. वर्ष होत आलं होतं. घरात बोलायची, माझ्याशी जास्त, पण कानाशी येऊन, आणि दारावरची घंटा वाजली की आवाज बंद. शाळेत, पहिलीत गेल्यापासून, एक शब्दही नाही. हिंजवडीच्या बाजूची मोठी इंग्रजी शाळा ती. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी अमोघला आणि सुलक्षणाला, म्हणजे माझ्या मुलाला आणि सुनेला, बोलावून सांगितलं की सुट्टीनंतर महिनाभर वाट बघू, नाहीतर तिच्यासारख्या मुलांसाठीच्या शाळा असतात, तिकडे बघा. 'तिच्यासारख्या मुलांसाठी' हे शब्द सुलक्षणा पुढे कितीतरी दिवस मधूनच म्हणायची, भाजी चिरताना, गाडीची चावी शोधताना, जसं एखादं गाणं नको असताना तोंडात बसतं तसे. पुण्यातले डॉक्टर म्हणाले कान ठीक, घसा ठीक, हुशार आहे मुलगी. जागा बदलून बघा, जिथे तिला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी न्या. अमोघचं सगळं आयुष्य कॉम्प्युटरला सूचना देण्यात गेलं आहे. त्याने ही सूचना तशीच घेतली आणि आठवड्याच्या आत इजिप्तची तिकिटं काढली. नाईलवर चार दिवस बोटीतून प्रवास, सोबत मराठी ग्रुप, जेवणात वरणभात. म्हणून दोन हजार सातच्या नोव्हेंबरात, मारुंजीच्या फ्लॅटला कुलूप लावून, आम्ही चौघं एका मुलीचा आवाज शोधायला इतक्या लांबच्या नदीवर आलो होतो.

नदी काही बरं करत नाही हे मला माहीत होतं. पण नदी वाट बघायला चांगली. असवानहून निघाल्यापासून किमया आणि मी वरच्या डेकवर कठड्याला नाक लावून बसायचो. काठ इतक्या हळू मागे जायचा की एक म्हैस पाण्यात उतरायला लागली की तिचं पूर्ण बुडून, मान वर काढून, कान झाडून होईपर्यंत ती दिसत राहायची. खजुरीची झाडं, उसाचे हिरवे पट्टे, भांडी घासणाऱ्या बायका, गाढवावर चारा लादून चाललेला म्हातारा, आणि त्या सगळ्याच्या मागे लगेच, कुणी खडूने रेघ ओढावी तसं, वाळवंट. पाणी आहे तिथवर देश, पाणी संपलं की काही नाही. मुलांना भूगोल शिकवताना हे मी फळ्यावर काढलेलं होतं, दोन्ही बाजूंना पिवळा खडू आणि मधे हिरवा, पण ती रेघ खरंच इतकी सरळ असेल असं वाटलं नव्हतं. किमया सगळं बघायची आणि मधेच माझा कान ओढून सांगायची, "आबा, ती म्हैस आपल्याकडे बघते आहे." अगदी स्वच्छ वाक्य. पुस्तकात छापावं असं. आणि तेच मला खुपायचं.

कारण ही भाषा तिची नव्हती. अमोघ आणि सुलक्षणा आधी मारुंजीत भाड्याने राहायचे, रत्नाबाईंच्या माडीवर. रत्नाबाईंच्या घरच्यांनी, हैबतरावांनी, रस्त्याकडची जमीन विकली आणि उरलेल्या जागेत वर खोल्या चढवल्या. वर आयटीतली पोरं, खाली म्हशी. सुलक्षणाची रजा संपली तेव्हा किमया नुकती बसायला लागली होती. पाळणाघर म्हणजे गाडीने अर्धा तास. रत्नाबाई म्हणाल्या, "द्या हिकडं. माज्या म्हशीपरीस काय जड हाय व्हय ती?" आणि त्या दिवसापासून पाचव्या वर्षापर्यंत ही मुलगी रत्नाबाईंच्या कडेवर वाढली. शेण, चूल, कोंबड्या, टेम्पोंचे हॉर्न, आणि भातलावणीच्या दिवसांत रत्नाबाईंचं माहेर, रिहे, तिथून गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परत. आईबाप रात्री यायचे. तेव्हा तिच्या तोंडात भाषा कुणाची येणार? तिची आजी गेल्यावर मी बार्शीहून इथे राहायला आलो, त्या दिवशी ती जिन्यात उभी राहून म्हणाली होती, "तुमी आबा हायेत व्हय? मग आत या की, उनात का हुबं ऱ्हायलाय?" चार वर्षांची मुलगी, कमरेवर हात ठेवून. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं, पण इतकं खणखणीत स्वागत माझं कुणी केलेलं नाही.

सुलक्षणा आधी हसायची. मग सुधारायला लागली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. ती स्वतः लातूरकडच्या लहान गावातून शिकून इथवर आली, ऑफिसात बोलताना आपली भाषा सांभाळून वापरते, आणि आपल्याला ज्याचा त्रास झाला तो मुलीला होऊ नये इतकंच तिला हवं होतं. "'हाय' नाही बाळा, 'आहे'. 'लई' नाही, 'खूप'." मग त्यांनी सोसायटीत फ्लॅट घेतला, आणि तिथल्या क्लबहाऊसमध्ये कुणाचा तरी वाढदिवस होता. मी त्या दिवशी कोपऱ्यातल्या खुर्चीवर होतो. किमया यजमानांपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला लई भूक लागलीया, केक कवा कापायचा?" सगळे हसले. वाईट नाही हसले, लाडाने हसले. एकाने हँडीकॅम सुरू केला. "परत म्हण, परत म्हण ना!" तिने म्हटलं. मग त्यांनी बायकांना बोलावलं, "अगं, हिचं ऐका, कसलं गावरान बोलते!" तिने पुन्हा म्हटलं. मग आतल्या खोलीतून आणखी कुणी आलं. किमयाने तोंड उघडलं, आणि मिटलं. मी शिक्षक माणूस, मुलांचे चेहरे वाचण्यात माझी वर्षं गेली. तिला भूक लागली होती. तिने सांगितलं होतं. तीन वेळा सांगूनही तिला केक कुणी दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आबा, मला पाणी हवे आहे." सुलक्षणा आठवडाभर खूष होती, किती पटकन सुधारली म्हणून. मग एका रात्री जेवताना तिच्या लक्षात आलं की मुलीची वाक्यं शुद्ध झाली आहेत आणि संपत आली आहेत.

रुमाल गार झाले होते. ते मी फुलदाणीच्या कडेवर ठेवले आणि मागे फिरलो. तिसऱ्या बोटीच्या दिवाणखान्यात पाश्चात्त्य प्रवासी हातात पेले घेऊन उभे होते. मी त्यांच्या पायांमधून बघत गेलो, सोफ्यांच्या मागे, पडद्यांच्या मागे, कारण परक्यांत सापडली की ती कशाच्या तरी आड जाते हे मला ठाऊक. दुसऱ्या बोटीत स्वागतकक्षातल्या माणसाला मी इंग्रजीत सांगितलं, लहान मुलगी, लाल फ्रॉक. तो भला माणूस होता, त्याने लगेच माईक घेतला. "मिस किमाआया, मिस किमाआया." छतातून, भिंतीतून, सगळीकडून तो आवाज आला, आणि मला वाटलं, संपलं. आता ती आणखी आत जाऊन बसेल. पहिल्या बोटीतून धक्क्यापर्यंत गेलो. बाहेर दिवे लागले होते. देवळाचे खांब पिवळ्या उजेडात उभे होते आणि खाली, दगडी पायऱ्यांशी, काळं पाणी हलत होतं. त्या पाण्याकडे मी बघितलं, आणि बघवेना म्हणून परत आत वळलो.

परत येताना कैलास भेटला, आमचा टूर मॅनेजर. मूळचा उरवडे गावचा. तिथल्या एका कारखान्यात काही वर्षं काढून मग या धंद्यात आलेला. माईकवर इतकं गुळगुळीत मराठी बोलायचा की बातम्या ऐकतोय असं वाटावं. त्याच्यामागून अमोघ धावत आला, सदरा बाहेर, चेहरा पांढरा. "बाबा, तुमच्या हातात होती ना ती? हातात होती ना?" मी टोपी दाखवली. काय दाखवत होतो मला कळत नव्हतं. तो पुढे धावला, "किमया! बेटा, आन्सर मी! किमया!" कैलासने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, आपली बोट सगळ्यांत बाहेरची. ती सुटल्याशिवाय आतल्या बोटींना हलता येत नाही. कप्तान थांबलाय, पण मागच्या बोटी भोंगे मारतायत, ऐकताय ना?" आणि मग, काय झालं कुणास ठाऊक, माझा चेहरा बघून त्याची ती बातम्यांची भाषा गळून पडली. "टेन्शन घिऊ नगा काका. हितंच आसंल पोरगी. जाईल कुटं? चारी बाजूंनी पानी हाय." शेवटचं वाक्य बोलून त्याने जीभ चावली आणि तो समोरच्या दारातून आमच्या बोटीकडे पळाला. मी तिथेच थांबलो, दुसऱ्या बोटीच्या जिन्याशी. हितंच. हा शब्द या फरशीवर, या पितळेवर, इतका वेगळा वाजला की माझ्या डोक्यातला सगळा गोंगाट एकदम थांबला.

तासाभरापूर्वी त्या देवळात गाईडने आम्हाला भिंतीवर एक मूल दाखवलं होतं. दगडात कोरलेलं, डोक्यावर बाजूला एकच बट, आणि एक बोट ओठांवर. कैलास मराठीत सांगत होता, "हा बाळदेव. तोंडात बोट म्हणजे लहान मूल, इतकाच त्याचा अर्थ. पुढे परदेशी लोक आले, ग्रीक आणि रोमन. त्यांना वाटलं हा 'गप्प बसा' म्हणतोय. मग ते त्याला मौनाचा देव म्हणूनच पुजायला लागले." लोक हसले, फोटो काढले, पुढे गेले. किमया हलेना. मी वाट बघितली. वर्गात प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही, ही माझी जुनी सवय. बऱ्याच वेळाने तिने माझा कान खाली ओढला. "आबा, मग त्याला कुणी विचारलं का नाही?" आता जिन्याशी उभा राहून मला तो प्रश्न पुन्हा ऐकू येत होता. आम्ही सगळे तिला हाका मारत होतो, आणि एकही हाक तिची नव्हती. माईकची हाक इंग्रजी, अमोघची हाक ऑफिसातली, आणि माझी, मी दोनदा मारून बघितली, ती हजेरी घेतल्यासारखी. किमया. हजर म्हणायला शाळेतसुद्धा तिचं तोंड उघडत नव्हतं.

मारुंजीच्या त्या अंगणात रत्नाबाई हाक मारायच्या ती कानावर आली. म्हशीच्या धारा काढून झाल्या की दुधाची कासंडी खाली ठेवायच्या, पदराने घाम पुसायचा, आणि मान वर करून एक आवाज. तेवढ्या मोटारसायकलींच्या आवाजातही ती हाक माडीवर, गच्चीवर, शेजारच्या गोठ्यात, जिथे कुठे ही मुलगी असेल तिथे पोचायची, आणि उत्तर यायचंच. मी ती हाक मारायला तोंड उघडलं आणि लाज वाटली. समोर इथेही पेले घेतलेली माणसं, टाय लावलेला स्वागतकक्षातला माणूस. मी पासष्ट वर्षांचा निवृत्त गुरुजी, इस्त्रीचा सदरा. रत्नाबाईंची नक्कल करायची? पण आवाज बाहेर आला तेव्हा तो रत्नाबाईंचा नव्हता. तो माझ्या आईचा होता, धोंडाबाईचा. ती आमच्या गावी उंबऱ्यात उभी राहून दिवेलागणीला अशीच ओरडायची, 'इश्राम्या, कुटं उलथलास रं', आणि मी चिंचेवरून उत्तर द्यायचो. कुठल्या भाषेत द्यायचो? तिच्याच. शाळेत गेलो, शिकलो, शिकवलं, आणि ती भाषा कुठे गेली याची मी कधी चौकशीही केली नव्हती. ती गेलीच नव्हती. घशाच्या तळाशी, पाण्याखाली दगड असावा तशी, बसून होती.

"किमेऽऽ! कुटं हायेस गं भवाने? तिनीसांज झाली!"

दिवाणखान्यातली डोकी वळली. एका बाईचा पेला ओठांशीच राहिला. मी पुन्हा ओरडलो, आणखी मोठ्याने, आणि आता लाज कुठेच नव्हती. "किमेऽऽ!"

"हितं हाय की!"

वरून आलं. जिन्यावरून, मोकळ्या गळ्याने, जरा चिडून. "वर या की आबा! दार उघडंना झालंय!"

जिना मी कसा चढलो ते गुडघ्यांनाच ठाऊक. लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारं, आणि आमच्या खोलीचा जो नंबर त्याच नंबरच्या दारासमोर किमया उभी होती, हातात आमच्या खोलीची चावी, तिचा जड पितळी बिल्ला लोंबतोय. चावी सांभाळायची तिला हौस, मीच दिली होती. समोरच्या खोलीच्या दारात एक गोरी म्हातारी स्टुलावर बसली होती, पायांत सपाता, केसांना गुंडाळ्या, मांडीवर बिस्किटांचा पुडा. किमयाच्या गालाला बिस्किटाचा चुरा लागलेला होता.

"कवाधरनं ठोकतीया मी," ती म्हणाली. "चावी बी लागंना. ह्या आज्जीला समदं सांगितलं, मगरीचं सांगितलं, त्या पोराचं सांगितलं. ती नुसतं 'या या' म्हनतीया. आता आनी कुटं येऊ मी?"

म्हातारी जर्मन असावी, त्यांच्या भाषेत 'या' म्हणजे 'हो'. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. "या, या," ती मोठ्या समाधानाने म्हणाली. तिला एक अक्षर कळलेलं नव्हतं, आणि तिने सगळं ऐकलं होतं.

"आबा," किमयाचा आवाज एकदम बारीक झाला, पण भाषा तीच राहिली, "आई आत झोपलीया ना? मग उघडंना का? माज्यावर रागावलीया का?"

सुलक्षणाचं डोकं दुखत होतं म्हणून ती दुपारपासून खोलीतच होती, हे खरं. खोली मात्र दोन बोटी पलीकडे होती. किमया हरवलीच नव्हती. ती बरोबर जिना चढली होती, तिने बरोबर नंबर वाचला होता, मगरीची गोष्ट आईला आधी सांगायची म्हणून माझा हात सोडून पुढे पळाली होती, आणि मग एका दारावर थापा मारत, आपली आई आतून उघडत नाही असं समजत, इतका वेळ उभी होती. माझ्यामागे कुणाचा तरी श्वास वाजला. सुलक्षणा होती. अनवाणी, केस सुटलेले, कैलास तिच्यामागे. शेवटचं वाक्य तिने ऐकलं होतं. ती तिथेच, बोळातल्या गालिच्यावर, खाली बसली.

"नाही गं," ती म्हणाली. "मी कशाला रागावू? ही आपली बोटच नाही, राणी."

"आँ?" किमयाने दाराकडे बघितलं, नंबराकडे, मग म्हातारीकडे. "मग ही कुनाची हाय?"

मी सुलक्षणाच्या ओठांकडे बघत होतो. 'आहे' म्हणायला ओठ जसे उघडतात तसे ते उघडले. वर्षानुवर्षांची सवय ती. या एका क्षणासाठी मी एवढ्या लांबच्या नदीवर आलो असं मला वाटलं. बोलावं की काय, असंही वाटलं. पण मुलाच्या घरात म्हाताऱ्याने किती बोलायचं याला माप असतं, आणि शिवाय उत्तर येईपर्यंत थांबायचं असतं. सुलक्षणाने ओठ मिटले. मुलीच्या गालावरचा चुरा बोटाने पुसला. "ह्या आजींची आहे," ती म्हणाली. "बरं, त्या पोराचं काय सांगितलंस? मला नाही सांगितलंस ते."

आणि किमयाने सांगितलं. बोळातून, जिन्यावरून, दिवाणखान्यातून, दोन फळ्यांवरून, धावत आलेल्या अमोघच्या कडेवर बसून ती सांगत राहिली. अमोघ रडत होता आणि "हो का? मग?" म्हणत होता. आम्ही आमच्या बोटीवर पाऊल ठेवलं तसा भोंगा वाजला आणि बाजूचे दिवे हळूच मागे सरकायला लागले.

जेवायला सगळा ग्रुप एका लांब टेबलावर. बातमी पोचली होती. आशालताबाईंनी किमयाच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या मनाने प्रेमळ, मघाचं मगरीचं बोलणं त्यांना लागून राहिलं असावं. "घाबरली होतीस का गं?"

"न्हाई," किमया म्हणाली. "आज्जी हुती की संगं."

टेबलावर लोक हसले. तेच लाडाचं हसू. आशालताबाईंनी गालाला हात लावला. "अगो बाई, कसलं गोड बोलते! परत म्हण ना एकदा!"

सुलक्षणाचा चमचा हवेत थांबला. अमोघने माझ्याकडे बघितलं. किमयाचं तोंड मिटलेलं होतं, आणि त्या मिटलेल्या तोंडामागे काय चाललंय ते मला दिसेना. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ उत्तरांची वाट बघितली, पण इतकी जड कुठली वाटली नव्हती.

"का?" किमया म्हणाली. "तुमाला ऐकू येत न्हाई का?"

कैलासला ठसका लागला, आणि आशालताबाई लाल होऊन, मग खदखदून हसल्या. "येतं गं बाई, येतं. चांगलं येतं." या वेळचं हसू त्यांच्या स्वतःवर होतं. सुलक्षणाने मुलीच्या वतीने माफी मागायला तोंड उघडलं नाही. तिने खाली बघून भात कालवला, आणि तिच्या खांद्यांवरून कळत होतं की तीही हसते आहे.

एका संध्याकाळीत सगळं होत नाही, हे मला कळतं. मारुंजीला परत जायचं आहे, शाळेची मुदत तिथे आहेच, आणि उद्या सकाळी हीच मुलगी पुन्हा माझ्या कानाशी येऊन पुस्तकातलं वाक्य म्हणेल. मुलं अशीच शिकतात, दोन पावलं पुढे आणि एखादं मागे, आणि मोठ्यांनी पावलं मोजायची नसतात. सुलक्षणा मात्र तेवढ्यात, जणू स्वतःशीच, म्हणाली, "गेल्यावर एक दिवस रत्नाबाईंकडे जाऊन येऊ. नाहीतर शनिवार-रविवार राहू दे की तिला तिथे." अमोघ म्हणाला, राहू दे.

वेटर वाढत वाढत आमच्याकडे आला. पांढरा कोट, उंच माणूस, सकाळपासून त्याच्याशी सगळे इंग्रजीत बोलत होते. किमयाने ताटातल्या डाळीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"ओ दादा, लिंबू हाय का?"

त्याला कळलं नाही. तो वाकला. मी भाषांतर करायला पुढे झालो आणि थांबलो.

"लिंबू," ती म्हणाली, पहिल्यापेक्षा मोठ्याने. त्याने मान हलवली, हसून, हात पसरून. तिने सुस्कारा टाकला, जसा शिकवताना मी टाकायचो, मग एका मुठीत दुसऱ्या हाताची बोटं पिळून दाखवली, डोळे बारीक केले, तोंड आंबट केलं, आणि तिसऱ्यांदा, एकेक अक्षर सुटं करून, म्हणाली, "लिं-बू! डाळीवर पिळाया!"

"लमून!" तो म्हणाला, आणि लिंबू आणायला गेला.